बर्गेनचा नाताळ

युरोप खंडाच्या वायव्येस नॉर्वे हा देश आहे. त्याचा पश्चिम किनारा सरळ नाही. समुद्राचे अरुंद आणि खोल फाटे डोंगरांच्या कुशीत मैलोगणती आत शिरलेले आहेत. या फाट्यांना तेथे फियोर्ड असे नाव आहे. अशा या दंतुर किनाऱ्यावर, सात डोंगरांच्या कोंदणात, बर्गेन हे प्राचीन बंदर वसले आहे. इ. स. १०७० च्या सुमारास ओलाफ क्यिरे या राजाने ते वसवले, अशी परंपरागत समजूत आहे. तेराव्या शतकात ते नॉर्वेच्या राजांचे राजधानीचे शहर होते. पुढे राजधानी ऑस्लोला गेली. परंतु बर्गेनचा व्यापार आणि बर्गेनचा मान शतकानुशतके टिकून राहिला.

डिसेंबर महिन्यात बर्गेनला जाणारा प्रवासी बहुधा ऑस्लोहून आगगाडीने निघतो. हा लोहमार्ग १९०९ साली सुरू झाला. हा प्रवास जवळजवळ सात तासांचा आहे. वाटेत गाडी डोंगर चढत चढत फिन्से या स्थानकावर येते. समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटर उंचीवरच्या या स्थानकाभोवती एक वृक्षही दिसत नाही. जिकडे पाहावे तिकडे पांढरे शुभ्र बर्फ पसरलेले असते. येथून गाडी एकामागून एक बोगदे ओलांडीत खाली उतरू लागते. जसजसा समुद्र जवळ येतो, तसतसे बर्फ विरळ होते, काळे खडक आणि हिरवी झाडे डोके वर काढतात. आणि बर्गेनच्या स्थानकात प्रवासी उतरतो, तेव्हा त्याच्या स्वागताला बर्फाऐवजी बहुधा पाऊस हजर असतो.

बर्गेनचा पाऊस साऱ्या नॉर्वेत प्रसिद्ध आहे. वर्षाकाठी तेथे २,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मुंबईतही जवळजवळ तितकाच पडतो. परंतु मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तर बर्गेनचा पाऊस वर्षातले दोनशेंहून अधिक दिवस झिमझिमत राहतो. अटलांटिक महासागरावरून येणारे दमट वारे किनाऱ्यावरच्या डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि त्यांतील पाणी खाली पडते. सह्याद्रीच्या माथ्यावर जे आषाढात घडते, तेच येथे बारा महिने घडत असते. याच महासागरातून एक उष्ण प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याशी येतो. त्यामुळे बर्गेन इतक्या उत्तरेला असूनही त्याचे बंदर हिवाळ्यात गोठत नाही. या एका गोष्टीवर त्या नगराचे सारे भाग्य उभे राहिले आहे.

पाऊस सोसता येतो. पण काळोख सोसणे अवघड असते. बर्गेन साठाव्या अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य सकाळी पावणेदहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आतच मावळतो. दिवस पुरता सहा तासांचाही नसतो. त्यातही सूर्य क्षितिजापासून फारसा वर चढत नाही; मळभ असेल तर त्याचे दर्शनही होत नाही. मुले शाळेत जातात ती अंधारात आणि परततात तीही अंधार पडता पडता.

नाताळचा सण ऐन या काळोखात येतो. नॉर्वेतील लोक त्याला ‘यूल’ म्हणतात. हा शब्द ख्रिस्ती धर्म त्या देशात येण्यापूर्वीचा आहे. हिवाळ्याच्या मध्यावर मेजवानी करण्याची रीत तेथे आधीपासूनच होती. पुढे ख्रिस्तजन्माचा उत्सव त्याच काळात साजरा होऊ लागला आणि जुने नाव नव्या सणाला मिळाले. नाताळपूर्वीच्या चार रविवारी घरोघर मेणबत्त्या लावतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असे करीत चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या तेवू लागतात. खिडक्यांत कागदाचे किंवा काचेचे तारे टांगून त्यांत दिवे लावलेले असतात. डोंगरउतारावरची लहान लहान पांढरी घरे संध्याकाळी दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी केवळ उजळलेल्या खिडक्या उरतात. खाली उभ्या असलेल्या माणसाला आकाश कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतो, हे कळेनासे होते.

शहराच्या मध्यभागी एक अष्टकोनी तलाव आहे. त्याच्या काठी फेस्टप्लासेन नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. याच मैदानात नाताळचा बाजार भरतो. नाताळच्या बाजाराची ही रीत मूळची जर्मन प्रदेशांतील. बर्गेनचा बाजार तसा अलीकडचाच. मैदानात लाकडी खोपट्यांची रांगच रांग उभी राहते. प्रत्येक खोपटीच्या कडेला दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात. मध्ये उंच पाळणा फिरत असतो. त्याचे दिवे तलावाच्या पाण्यात उलटे फिरताना दिसतात. एका खोपटीत लोकरीचे हातमोजे, कानटोप्या आणि नक्षीदार स्वेटर मांडलेले असतात. दुसरीत लाकडाची खेळणी. तिसरीत मध, चीज आणि रेनडिअरच्या मांसाचे पदार्थ. एके ठिकाणी मोठ्या कढईत साखरेच्या पाकात बदाम परतत असतात. त्यांचा खमंग वास दुरून येतो. लोक छत्र्या सावरीत, हातांत वाफाळलेले पेले घेऊन उभे असतात. या पेयाला ‘ग्लग्ग’ म्हणतात. मुलांसाठी ते फळांच्या रसाचे करतात आणि त्यात दालचिनी व लवंग घालतात. पावसाची सर आली म्हणून बाजारातून कोणी पळत नाही. पळून जायचे म्हटले, तर बर्गेनमध्ये कोणतेच काम उरकणार नाही.

या बाजारात सर्वत्र दिसणारा एक खाऊ म्हणजे ‘पेपेरकाके’. हे एक पातळ, कुरकुरीत, तपकिरी बिस्कीट असते. पीठ, लोणी, साखर व काकवीसारखा घट्ट पाक एकत्र मळून त्यात दालचिनी, लवंग, सुंठ आणि मिरी घालतात. मग ते लाटून त्याचे तारे, हृदये, माणसे आणि प्राणी कापतात व भट्टीत भाजतात. पेपेरकाके या शब्दाचा सरळ अर्थ ‘मिऱ्याची पोळी’ असा होईल. त्यातील ‘पेपेर’ हा शब्द फार लांबून आलेला आहे. संस्कृतातील ‘पिप्पली’, म्हणजे मराठीतील पिंपळी, हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर ग्रीस देशात गेला, तेथून लॅटिन भाषेत उतरला आणि अखेरीस उत्तर युरोपच्या भाषांत पोचला. नॉर्वेच्या भूमीत यांपैकी एकही मसाला पिकत नाही. मलबारची मिरी आणि सिंहलद्वीपची दालचिनी बर्फाच्या देशातील मुलांच्या खाऊत जाऊन बसली, ही व्यापाराची किमया होय. आणि बर्गेन हे तर व्यापाराचेच अपत्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता उजाडले, म्हणजे प्रवासी बंदराच्या काठाने चालू लागतो. समोर उभी असते ब्रिगेन ही प्रसिद्ध पेठ. ब्रिगेन म्हणजे धक्का. पाण्याकडे तोंड करून लाकडी इमारतींची एक रांग उभी आहे. त्रिकोणी माथ्यांची, एकमेकींना चिकटलेली ही घरे तांबडी, पिवळी आणि पांढरी अशा रंगांत रंगवलेली आहेत. काही थोडी डावीकडे झुकली आहेत, काही उजवीकडे. जणू म्हातारी माणसे परस्परांच्या खांद्यांवर हात टाकून समुद्राकडे पाहत आहेत. दोन घरांमधील अरुंद बोळात शिरले, की पायांखाली फळ्या, दोन्ही बाजूंना फळ्या आणि डोक्यावर पुढे आलेल्या सज्जांच्याही फळ्याच. ओल्या लाकडाचा व डांबराचा वास नाकात भरतो. बोळ लांबच लांब मागे जातो आणि त्याच्या दुतर्फा जुनी कोठारे दिसतात.

सुमारे १३६० साली हान्सा नावाच्या जर्मन व्यापारी संघाने येथे आपली पेढी स्थापन केली. तिचा व्यवहार साधा होता. नॉर्वेच्या उत्तरेस लोफोटेन बेटांजवळ हिवाळ्यात कॉड मासे विपुल सापडतात. ते लाकडी मांडवांवर टांगून केवळ थंड वाऱ्यात सुकवतात. त्यांना मीठही लावत नाहीत. असा सुकवलेला मासा लाकडासारखा टणक होतो आणि कित्येक वर्षे टिकतो. कोकणच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात, त्याचीच ही उत्तरेकडील तऱ्हा. उत्तरेतील कोळी हा मासा होड्यांत भरून बर्गेनला आणीत. जर्मन व्यापारी तो घेत आणि त्याच्या मोबदल्यात धान्य देत. कारण खडकाळ नॉर्वेत धान्य पुरेसे पिकत नसे. धान्याचे गलबत वेळेवर आले नाही, तर उत्तरेत उपासमार होई. त्या सुक्या माशाला इतके मोल होते, की पेढीने आपल्या राजचिन्हात अर्ध्या गरुडाशेजारी मुकुट घातलेला मासा कोरला. हा व्यापार जवळजवळ चारशे वर्षे चालला. १७५४ साली ती जर्मन पेढी बंद झाली.

पेढीत काम करण्यासाठी ल्यूबेक, ब्रेमेन अशा शहरांतून कोवळ्या वयाची मुले येत. त्यांना व्यापार शिकावयाचा असे. आईबापांना सोडून ती कित्येक वर्षे या लाकडी कोठारांत राहत. मासे उचलणे, मोजणे, रचणे, साफसफाई करणे, अशी त्यांची दिवसभराची कामे. झोपावयास भिंतीतली कपाटवजा खोली. आणि सर्वांत कठीण नियम हा, की या इमारतींत विस्तव करावयाचा नाही. चूल नाही, शेकोटी नाही. बाहेर हाडे गोठवणारी हवा, वर पावसाची संततधार, अठरा-अठरा तासांची रात्र. आणि घरात अग्नी नाही!

हा नियम क्रूर वाटतो. परंतु तो भीतीतून जन्मला होता. सारी पेठ लाकडाची. घराला घर लागलेले. एका ठिणगीने सारे शहर जळून जाई. म्हणून मुख्य इमारतींपासून दूर, मागच्या बाजूस, निराळ्या सभागृहांत चुली मांडलेल्या असत. या घरांना ‘श्योत्स्तूए’ म्हणत. हिवाळ्यात व्यापारी आणि शिकाऊ मुले तेथे जमत. तेथे अन्न शिजे, तेथेच जेवणे होत, तेथेच मुलांचे पाठही होत. अंधाऱ्या बोळातून चाचपडत येऊन त्या उबदार दालनात पाऊल टाकताना घरापासून दुरावलेल्या त्या मुलांना काय वाटत असेल, याची कल्पना आज ती दालने पाहताना करता येते. मौल्यवान माल ठेवण्यासाठी मागे दगडी तळघरेही बांधली होती. शहरातून रुंद मोकळे पट्टे सोडले होते. त्यांना ‘आलमेनिंग’ म्हणतात. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूस पोचू नये, हा त्यांचा एक मोठा उपयोग.

इतकी दक्षता घेऊनही बर्गेन पुनःपुन्हा जळाले. ११९८ साली जळाले, १२४८ साली जळाले, १४७६ साली जळाले. १७०२ च्या आगीत तर शहराचा बहुतेक भाग आणि सारी ब्रिगेन पेठ भस्मसात झाली. परंतु राख निवली, तसे लोक परतले. त्यांनी जुन्याच जागी, जुन्याच मांडणीने, त्याच रुंदीचे बोळ सोडून पुन्हा घरे बांधली. आज प्रवासी ज्या इमारती पाहतो, त्या बहुतेक १७०२ नंतरच्या आहेत; पण त्यांचा आराखडा मध्ययुगातला आहे. लाकूड नवे, नगर जुने!

विसाव्या शतकानेही बर्गेनला सोडले नाही. १९१६ च्या जानेवारीत सोसाट्याचा वारा सुटला असता आग लागली आणि शहराच्या मध्यभागातील सुमारे चारशे इमारती नष्ट झाल्या. अडीच हजारांहून अधिक लोक बेघर झाले. त्यानंतर त्या भागात दगडविटांच्या इमारती उठल्या आणि तोर्गआलमेनिंगेन हा मोठा चौक अधिक रुंद करण्यात आला. आज नाताळात याच चौकात मुलांची सर्वांत अधिक वर्दळ असते. पुढे दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मन सैन्याच्या ताब्यात असता, २० एप्रिल १९४४ रोजी दारूगोळ्याने भरलेल्या एका जहाजाचा बंदरात स्फोट झाला. हजारो माणसे मेली वा जखमी झाली. ब्रिगेनची छपरे उडाली. राजा होकोन याने तेराव्या शतकात बांधलेले दगडी राजसभागृह केवळ भिंतींनिशी उरले. ते दुरुस्त करून १९६१ साली पुन्हा उघडण्यात आले.

१९५५ च्या जुलैमध्ये ब्रिगेनला पुन्हा आग लागली आणि तिचा एक भाग जळून गेला. त्या वेळी अनेकांना वाटले, की आता ही जुनी, झुकलेली, धोक्याची लाकडे ठेवावीत कशाला? उरलेली पेठही पाडून तेथे नव्या इमारती बांधाव्यात. निर्णय कोणत्याही बाजूने झाला असता. परंतु जळालेल्या जागेवर आस्ब्यर्न हेर्टेग या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली उत्खनन सुरू झाले आणि भूमी बोलू लागली.

जमिनीत थरावर थर होते. मातीच्या थरानंतर कोळशाचा काळा थर, पुन्हा माती, पुन्हा कोळसा. प्रत्येक काळा थर म्हणजे एक आग. आगींची वर्षे जुन्या कागदपत्रांतून ठाऊक होतीच. त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या काळातील, हे त्या थरांवरून ठरवता येऊ लागले. ज्या आगींनी शहर नष्ट केले, त्यांनीच त्याच्या इतिहासाचे कालपत्रक लिहून ठेवले होते! त्या मातीत भांडी, जोडे, फण्या, खेळणी सापडली आणि सहाशेंहून अधिक लेख सापडले, त्यांतले बहुतेक लाकडाच्या कांड्यांवर कोरलेले. हे लेख रून नावाच्या प्राचीन लिपीत आहेत. ते राजांचे नाहीत. सामान्य माणसांचे आहेत. काही मालावर बांधावयाच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, काही व्यापाराची पत्रे. एका कांडीवर, ‘गिदा तुला घरी बोलावते आहे’ अशा आशयाचा निरोप कोरला आहे. निरोप ज्याला पाठवला, तो कोण होता आणि कोठे रेंगाळला होता, हे काळाच्या पोटात गेले. पण त्याची घरी वाट पाहिली जात होती, एवढे आज शतकांनंतर कळते.

या उत्खननामुळे ब्रिगेनचे मोल लोकांच्या ध्यानी आले. १९६२ साली तिच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. १९७६ साली उत्खननाच्या जागी संग्रहालय उघडले आणि १९७९ साली युनेस्कोने ही पेठ जागतिक वारशाच्या यादीत घेतली. आज साठ-एकसष्ट इमारती शिल्लक आहेत. सुतार जुन्या पद्धतीची हत्यारे वापरून, कुजलेला तेवढाच भाग काढून, त्या जागी नवे लाकूड बसवतात. जमिनीखालील पाण्याची पातळीही राखावी लागते. कारण पाण्यात बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते, पण पाणी ओसरून त्याला हवा लागली, की ते कुजू लागते. आगीसाठी धूर ओळखणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे बसवले आहेत. ब्रिगेनची राखण एका दिवसाची नाही. ती रोज करावी लागते.

ब्रिगेनमधून बाहेर पडलेला प्रवासी आता आणखी एक नगर पाहावयास जातो. हे नगर लाकडाचेही नाही आणि दगडाचेही नाही. ते पेपेरकाकेचे आहे! १९९१ सालापासून बर्गेनमध्ये दर नाताळात मिऱ्याच्या बिस्किटांची एक नगरी उभारतात. तिला ‘पेपेरकाकेब्यू’ म्हणतात. बालवाड्यांतील चिमुकली मुले, शाळांतील विद्यार्थी, कुटुंबे, कारागीर, सारे जण आपापल्या घरी वा शाळेत बिस्किटांचे घर बांधतात आणि नगरीत आणून ठेवतात. अशी सुमारे दोन हजार घरे जमतात. त्यांत ब्रिगेनची तिरकी घरे असतात, चर्चे असतात, जहाजे असतात, डोंगरावर चढणारी आगगाडी असते. साखरेचा पाक हाच त्यांचा चुना आणि रंगीत गोळ्या हीच त्यांची कौले. छत कोठे वाकडे बसलेले, कोठे भिंत थोडी करपलेली. पण घराच्या निर्मात्याला ओळख पटण्यास तेवढे पुरेसे असते. मंद दिव्यांच्या प्रकाशात मुले आईबापांचा हात ओढीत आपले घर शोधीत फिरतात आणि सापडले, की आनंदाने ओरडतात.

२००९ सालच्या नोव्हेंबरात ही नगरी जवळजवळ पुरी होत आली होती. एके रात्री कोणी आत शिरले आणि त्याने ती मोडून टाकली. सकाळी पाहतात, तो घरांचा चुरा झालेला. कित्येक दिवसांची मुलांची मेहनत जमिनीवर पडलेली होती. ही बातमी शहरभर पसरली. लहान मुलांना काय सांगावे, हा मोठ्यांना प्रश्न पडला असेल. परंतु बर्गेनने सांगण्याऐवजी करावयास घेतले. घरोघरच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. ज्यांची घरे मोडली होती त्यांनी पीठ मळले, आणि ज्यांनी आजवर एकही घर केले नव्हते त्यांनीही मळले. काही दिवसांतच नगरी पुन्हा उभी राहिली आणि मुलांसाठी तिचे दार उघडले.

यात आश्चर्य वाटण्याजोगे काय आहे? नाताळ सरला, की ही नगरी तशीही मोडतेच. बिस्किटांची घरे वर्षभर टिकत नाहीत. गतवर्षीच्या नगरीतील एकही घर या वर्षीच्या नगरीत नसते. तरीही तीच नगरी दरवर्षी भरते. कारण ती बिस्किटांत नसून ती करणाऱ्यांच्या हातांत असते. बंदराच्या काठावरील त्या मोठ्या नगराचीही गोष्ट हीच नाही का? ब्रिगेनच्या फळ्या कितीदा जळाल्या आणि कितीदा बदलल्या! पण बोळ कोठून जावा, घर किती रुंद असावे, चूल कोठे पेटवावी आणि कोठे पेटवू नये, हे ज्ञान एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिले. लाकूड जळाले, हे ज्ञान मात्र जळाले नाही.

चोवीस डिसेंबर हा नॉर्वेतील नाताळचा मुख्य दिवस. दुपारनंतर दुकाने बंद होतात. रस्ते ओस पडतात. पाखरांनाही सणाचा घास मिळावा, म्हणून कित्येक लोक ओटच्या कणसांची पेंढी अंगणात उंच टांगतात. घरोघर तांदळाची खीर शिजते. तिच्यात एक बदाम लपवलेला असतो. तो ज्याच्या वाट्यास येईल, त्याला बक्षीस मिळते, म्हणून मुले प्रत्येक घास जपून चावतात. पश्चिम किनाऱ्यावरील घरांत खारवून वाळवलेल्या मेंढीच्या बरगड्या वाफेवर शिजवतात. आणि सायंकाळी पाच वाजता देशभर चर्चच्या घंटा वाजू लागतात. बर्गेनमध्ये त्यांचा नाद सात डोंगरांवर आदळून परत येतो. बाराव्या शतकातील मारिया चर्च ही शहरातील सर्वांत जुनी इमारत. तिच्या दगडी भिंतींनी ब्रिगेनच्या किती आगी पाहिल्या असतील!

घंटांचा नाद थांबतो. धक्क्यावर आता कोणी नसते. पाऊस हळूहळू पडत असतो आणि ब्रिगेनच्या माथ्यांची टोके दिव्यांच्या रेषांनी पाण्यात उमटलेली असतात. ज्या कोठारांत एके काळी मेणबत्ती पेटवण्यासही मुले भीत, त्यांच्यावर आज दिव्यांच्या माळा झळकतात. त्या दिव्यांत ज्वाला नाही. म्हणून लाकडाला त्यांचे भय नाही. बर्गेनने आगीशी नऊशे वर्षे झगडून प्रकाश मात्र आपल्यापाशी ठेवून घेतला आहे.

अभ्यास

१. बर्गेनमध्ये वर्षभर पाऊस का पडतो? तेथील बंदर हिवाळ्यात का गोठत नाही?

२. ब्रिगेनच्या इमारतींत विस्तव करण्यास मनाई का होती? आगीपासून रक्षण करण्यासाठी तेथील लोकांनी आणखी कोणती दक्षता घेतली होती?

३. ‘ज्या आगींनी शहर नष्ट केले, त्यांनीच त्याच्या इतिहासाचे कालपत्रक लिहून ठेवले होते.’ या वाक्याचा अर्थ उत्खननाच्या माहितीच्या आधारे स्पष्ट करा.

४. बिस्किटांची नगरी आणि ब्रिगेनची पेठ यांत लेखात कोणते साम्य दाखवले आहे?

५. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : भस्मसात होणे, काळाच्या पोटात जाणे, डोके वर काढणे, ओस पडणे.

६. आपल्या गावातील एखादी जुनी इमारत, विहीर, घाट किंवा मंदिर पाहून या. त्याची दुरुस्ती कोणी व केव्हा केली, हे वडील माणसांना विचारा आणि दहा-बारा ओळी लिहा.